भेटीच्या वेळा, शिकाऊ डॉक्टर आणि संगणक

वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग एकाच वेळी दोन कामे करीत असतो. तेथे रोग्याला तपासून औषधोपचार सांगितला जातो, आणि त्याच टेबलापाशी उद्याचा डॉक्टर घडत असतो. ही दोन कामे परस्परपूरक आहेत, पण दोहोंना लागणारा वेळ मात्र एकच आहे. अनुभवी डॉक्टर ज्या रुग्णाला दहा मिनिटांत तपासून मोकळा करतो, त्याच रुग्णासाठी पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला अर्धा तास लागतो; त्यानंतर त्याला आपला निष्कर्ष वरिष्ठांपुढे मांडावा लागतो आणि कधी कधी वरिष्ठांना रुग्ण पुन्हा तपासावा लागतो. दूरच्या गावाहून, त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून आलेल्या माणसाला बाकावर बसून जो काळ काढावा लागतो, त्यातील बराचसा भाग या दुहेरी कामाच्या अव्यवस्थित आखणीतून निर्माण होतो. ही आखणी संगणकाच्या साहाय्याने करण्याचे प्रयोग गेली अनेक दशके चालू आहेत. त्यांतून काय साधले आणि काय साधले नाही, हे आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांच्या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे.

रांगेचे गणित

या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास संगणकाच्या आधी सुरू झाला. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा अस्तित्वात आली आणि रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील गर्दी हा सार्वजनिक चर्चेचा विषय बनला. नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने या विषयावरील आपला अभ्यास १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळी अनेक ठिकाणी सर्व रुग्णांना एकाच वेळी, म्हणजे दवाखाना उघडण्याच्या वेळीच बोलाविण्याची पद्धत होती. डॉक्टरचा एक क्षणही वाया जाऊ नये, हा त्यामागील हेतू. रुग्णांचे तास वाया गेले तरी त्याचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

बेली यांनी यादृच्छिक अंकांच्या साहाय्याने कागदावरच कल्पित दवाखाने चालवून पाहिले. प्रत्येक रुग्णाला लागणारा वेळ कमी-अधिक धरून त्यांनी निरनिराळ्या पद्धतींत रुग्ण किती थांबतो आणि डॉक्टर किती रिकामा बसतो, हे मोजले. त्यांचा निष्कर्ष आजही सांगितला जातो: आरंभी दोन रुग्णांना बोलवावे आणि पुढील प्रत्येकाला, एका तपासणीस सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतराने बोलवावे. पहिला रुग्ण आला नाही तरी दुसरा हजर असतो, त्यामुळे डॉक्टर खोळंबत नाही. आणि बाकीच्यांना सकाळपासून येऊन बसावे लागत नाही. डॉक्टरने दिवसातून थोडी मिनिटे रिकामे बसण्याची तयारी ठेवली तर रुग्णांचे थांबणे त्याच्या कितीतरी पटींनी घटते, हे या अभ्यासाचे सार होय.

असे का घडते? रांगेच्या गणिताचा पाया कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीतील ए. के. एरलांग यांनी १९०९ मध्ये घातला. त्या गणिताचे अगदी साधे सूत्र घेतले, आणि रुग्णांचे येणे व तपासणीचा वेळ ही दोन्ही अनियमित आहेत असे मानले, तर डॉक्टर आपल्या वेळेच्या ८० टक्के कामात असताना रुग्णाला सरासरी चार तपासण्यांइतका वेळ थांबावे लागते. हेच प्रमाण ९० टक्क्यांवर गेले की नऊ तपासण्यांइतका, आणि ९५ टक्क्यांवर गेले की एकोणीस तपासण्यांइतका. एका तपासणीस पाच मिनिटे धरली तर अनुक्रमे वीस मिनिटे, पाऊण तास आणि तास-पस्तीस मिनिटे. म्हणजे शेवटची थोडीशी फट बुजविण्याच्या हट्टापायी रांग एकदम लांबते. अधिकाऱ्यांना ‘पूर्ण क्षमतेने’ चालणारा विभाग कागदावर आदर्श वाटतो. रांगेच्या गणितात तो सर्वांत वाईट ठरतो.

दुसरी गोष्ट वक्तशीरपणाची. रुग्ण उशिरा येतात म्हणून घोटाळा होतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. बेली आणि त्यांचे सहकारी वेल्श यांच्या पाहणीत रुग्ण बहुधा वेळेआधीच येऊन बसलेले आढळले. दवाखानाच ठरल्या वेळी सुरू झाला नाही, तर सारे वेळपत्रक कोलमडते. पंचवीस रुग्णांना वेळा दिल्या असतील आणि डॉक्टर अर्धा तास उशिरा आला, तर प्रत्येकाचा अर्धा तास, म्हणजे एकूण साडेबारा तास मनुष्यवेळ, एका माणसाच्या उशिरामुळे खर्ची पडतो.

शिकविण्यास लागणारा वेळ

येथवर वर्णन केलेला दवाखाना एका डॉक्टरचा आहे. शिक्षण देणाऱ्या दवाखान्यात रांगा दोन असतात. एक रुग्णांची, निवासी डॉक्टरपुढे. आणि दुसरी निवासी डॉक्टरांची, मार्गदर्शक अध्यापकापुढे. ही दुसरी रांग रुग्णाला दिसत नाही, आणि वेळपत्रक करणाऱ्या लिपिकालाही बहुधा दिसत नाही.

उदाहरणादाखल असे समजू, की एका अध्यापकाच्या हाताखाली चार निवासी डॉक्टर आहेत. प्रत्येकास रुग्ण तपासण्यास तीस मिनिटे लागतात आणि नंतर अध्यापकाशी विचारविनिमय करण्यास आठ मिनिटे. चौघांचेही पहिले रुग्ण नऊ वाजता बोलाविले, तर साडेनऊ वाजता चौघेही एकदमच अध्यापकापुढे उभे राहतील आणि शेवटच्याची पाळी ९ वाजून ५४ मिनिटांनी येईल. त्याचा रुग्ण तपासणीच्या टेबलावर चोवीस मिनिटे नुसता पडून राहील. याऐवजी चौघांचे पहिले रुग्ण नऊ, नऊ-दहा, नऊ-वीस आणि साडेनऊ असे बोलाविले, तर अध्यापकापुढे गर्दी होतच नाही. यासाठी नवा डॉक्टर, नवी खोली वा नवा पैसा लागत नाही; फक्त वेळा दहा-दहा मिनिटांनी सरकवाव्या लागतात.

हाच हिशेब पुढे नेला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. चार निवासी डॉक्टर असता अध्यापकाचे अडतीस मिनिटांच्या फेरीत बत्तीस मिनिटे काम होते. पाचवा डॉक्टर दिला की त्याला क्षणाचीही उसंत उरत नाही, आणि सहावा दिला तर तपासल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या वाढतच नाही. तासाला साडेसात रुग्णांपलीकडे तो विभाग जाऊ शकत नाही, कारण अडचण निवासी डॉक्टरांच्या संख्येची नसून अध्यापकाच्या आठ मिनिटांची आहे. मग ती आठ मिनिटे चारवर येतात. रुग्ण पुढे सरकतात, पण शिक्षण तेथेच थांबते. अमेरिकेत ‘मेडिकेअर’ योजनेच्या नियमांनुसार प्राथमिक उपचारांच्या दवाखान्यात, अध्यापकाने प्रत्येक रुग्णास स्वतः न तपासता देयक सादर करण्याची सवलत घ्यावयाची असेल, तर एका अध्यापकाकडे एका वेळी चारांहून अधिक निवासी डॉक्टर असू नयेत, अशी अट आहे, ती याच दृष्टीने पाहावी.

निवासी डॉक्टर हा वर्षभर एका जागी बसणारा नोकरदार नाही, ही त्यापुढील अडचण. तो कधी आंतररुग्ण कक्षात असतो, कधी अतिदक्षता विभागात, कधी रात्रपाळीहून नुकताच उतरलेला. अमेरिकेत अंतर्गत वैद्यकशास्त्राच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणात प्रत्येकाने किमान १३० अर्धदिवस आपल्या ठरावीक रुग्णांच्या दवाखान्यात काढावेत, असा दंडक २००९ पासून लागू झाला. मधुमेह वा रक्तदाब यांसारख्या दीर्घकाळच्या विकारात रोग कसा पालटत जातो, हे एकाच रुग्णाला पुन्हा पुन्हा भेटल्यावाचून कळत नाही. परंतु आठवड्यातील एका दुपारी कक्षातील गंभीर रुग्ण सोडून दवाखान्यात धावणे कोणालाच मानवेना. म्हणून अनेक संस्थांनी चार आठवडे कक्षात आणि पाचवा आठवडा संपूर्णपणे दवाखान्यात, अशी रचना स्वीकारली. अशा फिरत्या रचनेत ‘हा रुग्ण सहा आठवड्यांनी याच डॉक्टरकडे यावा’ ही साधी सूचना हाताने लिहिलेल्या वहीत पाळणे दुरापास्त होते. कोणता डॉक्टर कोणत्या आठवड्यात कोठे आहे, कोण रजेवर आहे, कोण परीक्षेला गेला आहे, हे सर्व एकत्र ताडून रिकामी वेळ शोधणे हे संगणकाचे खरे काम होय. दरवर्षी जूनअखेर तेथील प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांचे रुग्ण नव्यांकडे सोपवावे लागतात. ज्या रुग्णाचे नाव या हस्तांतरणात कोणत्याच यादीत आले नाही, त्याला आपला डॉक्टर कोण हे पुढील दुखणे उमळेपर्यंत कळत नाही.

माजी सैनिकांची रुग्णालये

या विषयातील सर्वांत मोठा आणि सर्वांत बोधप्रद अनुभव अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या लक्षावधी सैनिकांच्या उपचारांसाठी डॉक्टर अपुरे पडू लागले, तेव्हा जनरल ओमर ब्रॅडली यांच्या कारकिर्दीत, ३० जानेवारी १९४६ च्या धोरणपत्रानुसार, ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडण्यात आली. सैनिकांना चांगले डॉक्टर मिळाले आणि महाविद्यालयांना शिकविण्यासाठी रुग्णालये मिळाली. अमेरिकेतील सुमारे ७० टक्के डॉक्टरांनी आपल्या प्रशिक्षणाचा काही ना काही भाग या रुग्णालयांत पूर्ण केला, असे तो विभाग सांगत आला आहे.

१९८० च्या दशकात या रुग्णालयांनी स्वतःची संगणकीय व्यवस्था उभारली. तिची भाषा ‘मम्प्स’ ही होती. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती तयार झाली. त्या रुग्णालयाच्या नावासह असलेल्या या व्यवस्थेच्या लांबलचक इंग्रजी नावातील काही आद्याक्षरांवरून हे नाव बनले. इंग्रजीत गालगुंडालाही हाच शब्द आहे, हा केवळ योगायोग. भेटीच्या वेळा देणारी आज्ञावली या व्यवस्थेच्या आरंभीच्या अंगांपैकी एक होती. पुढे ती जुनी पडली. तिच्या जागी नवी आणण्याचा उपक्रम २००० मध्ये हाती घेण्यात आला आणि नऊ वर्षांत अंदाजे १२ कोटी ७० लाख डॉलर खर्चूनही तो पूर्णत्वास गेला नाही, असे अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०१० मध्ये नमूद केले. जुनीच आज्ञावली चालू राहिली.

खरा धक्का २०१४ मध्ये बसला. रुग्णाला चौदा दिवसांच्या आत भेटीची वेळ मिळावी, असे उद्दिष्ट विभागाने ठरविले होते आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या कामाचे मूल्यमापन त्याच्याशी जोडले होते. हेतू चांगलाच होता. परंतु दिवस कोठून मोजावयाचे? रुग्णाला ज्या दिवशी यावयाचे आहे त्या ‘इच्छित तारखे’पासून. ही तारीख संगणकात भरणार लिपिक. त्याने आधी रिकामी तारीख शोधावी, ती रुग्णाला सांगावी, आणि रुग्ण ‘बरे’ म्हणाला की तीच त्याची इच्छित तारीख म्हणून नोंदवावी, म्हणजे प्रतीक्षा शून्य दिवसांची झाली. आणखी एक मार्ग होता: नव्या रुग्णांची नावे अधिकृत प्रतीक्षायादीत न घालता निराळ्या कागदांवर ठेवावयाची.

ॲरिझोना राज्यातील फिनिक्स येथील रुग्णालयातील हा प्रकार उजेडात आल्यावर महानिरीक्षकांनी चौकशी केली. मे २०१४ मधील त्यांच्या अंतरिम अहवालानुसार प्राथमिक उपचारांची वाट पाहणारे सुमारे १,७०० माजी सैनिक अधिकृत प्रतीक्षायादीत नव्हतेच. नमुन्यादाखल घेतलेल्या २२६ रुग्णांची पहिल्या भेटीसाठीची सरासरी प्रतीक्षा रुग्णालयाने २४ दिवसांची दाखविली होती. प्रत्यक्षात ती ११५ दिवसांची निघाली. ऑगस्टमधील अंतिम अहवालात, उपचारांस झालेला विलंब वैद्यकीय दृष्ट्या गंभीर ठरावा अशी २८ प्रकरणे नोंदविण्यात आली. त्यांतील सहा रुग्ण मरण पावले होते. विलंबामुळेच मृत्यू ओढवले असे निश्चयपूर्वक म्हणता येत नाही, हेही महानिरीक्षकांनी स्पष्ट केले. विभागाचे प्रमुख एरिक शिन्सेकी यांनी ३० मे रोजी राजीनामा दिला, चौदा दिवसांचे उद्दिष्ट अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनातून काढून टाकण्यात आले, आणि ७ ऑगस्ट २०१४ रोजी खाजगी डॉक्टरांकडे उपचार घेण्याची मुभा देणारा नवा कायदा झाला.

या प्रकरणाचा दोष संगणकावर ढकलणे सोपे आहे. आज्ञावली जुनी होती हे खरेच. पण तिने दाखविलेला आकडा चुकीचा होता तो तिला तसा भरविला म्हणून. डॉक्टर कमी आणि रुग्ण अधिक, ही मूळ वस्तुस्थिती होती. ती वरिष्ठांना कळविण्याऐवजी झाकणे कनिष्ठांना अधिक सुरक्षित वाटले. वेळपत्रक हे प्रशासनाच्या हाती असलेले मोजमापाचे साधन आहे. त्याच आकड्यावर बढती वा बक्षीस अवलंबून ठेवले की मोजणारेच माप बदलतात. आपल्याकडे लक्ष्यपूर्तीच्या तक्त्यांशी ज्यांचा संबंध येतो, अशा वाचकांना याचा अर्थ अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडील परिस्थिती

भारतात सार्वजनिक रुग्णालयांसाठी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने ‘ई-हॉस्पिटल’ ही संगणकीय व्यवस्था विकसित केली. तिच्याशी जोडलेली ऑनलाईन पूर्वनोंदणी १ जुलै २०१५ रोजी ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रमाबरोबर सुरू झाली. या व्यवस्थेत रुग्ण घरबसल्या रुग्णालय, विभाग व तारीख निवडतो. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात व त्याच्याशी संलग्न असलेल्या सुचेता कृपलानी रुग्णालयात निराळी सोय करण्यात आली. भिंतीवरील चौकोनी संकेतचित्र मोबाईलने टिपले, की रुग्णाचे नाव, वय, पत्ता आपोआप नोंदला जातो आणि क्रमांक मिळतो. ही पद्धत नंतर देशातील अनेक रुग्णालयांत पोहोचली.

या दोन्ही सुधारणांनी केसपेपरच्या खिडकीपुढील रांग आखूड होते, आणि ते थोडे नव्हे. परंतु खिडकीवरून लवकर सुटलेले दोनशे रुग्ण दहा वाजता एकदमच तपासणीच्या दारापुढे जमा झाले, तर रांग संपली नाही, तिने फक्त जागा बदलली. केवळ तारीख हे वेळपत्रक नव्हे. त्यासाठी तास व मिनिटे ठरवावी लागतात, आणि ती ठरविण्यासाठी त्या दिवशी त्या पथकात किती निवासी डॉक्टर आहेत, त्यांतील पहिल्या वर्षाचे किती, अध्यापक कोण, हे संगणकाला ठाऊक असावे लागते. आपल्याकडील अध्यापन रुग्णालयांत पथकांची पद्धत असते व प्रत्येक पथकाचे बाह्यरुग्ण तपासणीचे वार ठरलेले असतात. जुना रुग्ण त्याच पथकाकडे त्याच वारी येतो. डॉक्टर बदलला तरी पथक बदलत नाही. अमेरिकेत ज्या सातत्यासाठी एवढी खटपट करावी लागते, ते काही अंशी येथे या साध्या रूढीने जपले आहे. संगणकीय व्यवस्था आणताना ही रूढी मोडू नये. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात सेवा करावी, असा नियम २०२० मध्ये करण्यात आला. त्यामुळे पथकातील मनुष्यबळ वर्षभर कमी-जास्त होते. विद्यापीठाच्या परीक्षांच्या दिवसांतही हेच घडते. या गोष्टी महिनोन्‌महिने आधी माहीत असतात, आणि त्यानुसार रुग्णांच्या वेळा कमी-अधिक करणे पूर्णपणे शक्य असते.

ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने दुसराच प्रश्न महत्त्वाचा आहे. तालुक्याहून निघणारी पहिली एस.टी. साडेदहाला पोहोचत असेल, तर त्या बाजूच्या रुग्णाला सव्वानऊची वेळ देण्यात अर्थ नाही. आणि परतीची शेवटची गाडी चारला असेल तर दुपारी तीनची वेळ म्हणजे फलाटावर मुक्काम. रुग्णाचा तालुका नोंदणीतच असतो. शहरातील रुग्णांना सकाळच्या पहिल्या वेळा आणि लांबच्यांना मधल्या वेळा देणे ही संगणकाला एक ओळीची सूचना आहे. मोबाईल नसलेल्या वा घरात एकच असलेल्या कुटुंबांचा विचारही येथे आला पाहिजे. सर्व वेळा पूर्वनोंदणीने भरून टाकल्या, तर जो आदल्या रात्री दुखणे बळावले म्हणून आला त्याला जागा उरत नाही. काही वाटा रोज मोकळा ठेवावा लागतो, आणि तो किती हे प्रत्येक विभागाने आपल्या अनुभवावरून ठरवावयाचे असते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील संगणकावरून पूर्वनोंदणी करून देण्याची सोय झाली, तर अनेकांचा एक हेलपाटा वाचेल. शाळांशी याचा थेट संबंध येतो, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे. २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात शाळेतील तपासणीत दोष आढळलेल्या मुलांना वरच्या रुग्णालयाकडे पाठविले जाते. पालकाच्या हाती पडणाऱ्या चिठ्ठीवर तारखेबरोबर विभाग, पथकाचा वार आणि वेळ लिहिलेली असली, तर ते मूल प्रत्यक्ष डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

कोणतीही आज्ञावली विकत घेण्यापूर्वी एखाद्या विभागाला करता येण्याजोगे काम म्हणजे दोन आठवडे चार वेळा टिपून ठेवणे: रुग्ण आला ती वेळ, निवासी डॉक्टरने त्याला हाक मारली ती वेळ, निवासी डॉक्टर अध्यापकापुढे उभा राहिला ती वेळ, आणि रुग्ण बाहेर पडला ती वेळ. भिंतीवरचे घड्याळ, एक रुळाची वही आणि दोन आंतरवासी विद्यार्थी एवढ्यावर हे काम होते. पहिल्या दोन वेळांमधील अंतर मोठे निघाले तर रुग्णांना बोलाविण्याच्या वेळा चुकत आहेत किंवा दवाखाना उशिरा सुरू होत आहे. शेवटच्या दोहोंमधील अंतर मोठे निघाले तर अध्यापक अपुरे आहेत किंवा सर्व निवासी डॉक्टर एकदमच त्यांच्यापुढे येत आहेत. या वहीतील आकडे मात्र विभागप्रमुखाच्या गोपनीय अहवालात जाऊ नयेत.